खालच्या टीव्हीला वरचा जेलीफिन दिसेना (वरून खाली पिंग लागतो, खालून वर लागत नाही)

गावभागचा फोटोवाला (सांगली) | मंगळवार, रात्री ११.२०

नमस्कार मंडळी. इथं पहिल्यांदाच लिहितोय. लांबण लागली तर सांभाळून घ्या, लग्नाची तीन तासांची कॅसेट भरायची सवय लागलेला माणूस आहे मी.

१९९४ पासून शूटिंग करतोय. आधी व्हीएचएसचं धूड खांद्यावर, पुढं पीडी १७०, आता पोरं वापरतात ते कॅमेरे मला खेळण्यासारखे वाटतात. स्टुडिओ पूर्वी तळमजल्यावरच होता. २०१९ च्या ऑगस्टमध्ये कृष्णा घरात आली. आयर्विन पुलापाशी ४५ फुटांना धोक्याची पातळी धरतात, त्या वेळी पाणी ५७ च्या वर गेलं. आमच्या हॉलमध्ये माझ्या छातीएवढं. कपाटात साडेतीनशे कॅसेटी होत्या, गिऱ्हाइकांनी कधी नेल्याच नाहीत अशा. पाणी उतरल्यावर एकेक कॅसेट फोडली, गाळ वाळायच्या आत रीळ स्वच्छ पाण्यात खंगाळलं, सावलीत वाळवलं, दुसऱ्या कवचात घातलं. ९४ वाचल्या. त्या आणि नंतरच्या मिनी डीव्हीच्या मिळून सगळ्या कॉम्प्युटरवर उतरवून घेतल्या. तेव्हापासून घरात एक नियम आहे. वीज लागते ते सगळं वर.

आई मात्र खाली. ८४ वर्षांची आहे, जिना चढत नाही. तिला सिरियल नको असतात, दुसऱ्यांची लग्नं बघायची असतात. दिवाबत्ती झाली की विचारते, "आज कुणाचं लग्न लावतोस?" मग पंगतीत कोण कुणाशेजारी का बसलं नव्हतं, हे सगळं तिच्याकडून ऐकायचं. गेले आठ दिवस आमच्याकडं एकही लग्न लागलेलं नाही.

आता मुद्द्याचं. वर जुना एडिटिंगचा पीसी आहे, चौथ्या पिढीचा आय ५, १६ जीबी रॅम, ४ टीबीची डिस्क, त्यात लिनक्स मिंट. भाच्यानं दोन वर्षांपूर्वी जेलीफिन घालून दिलं, म्हणजे पीसीतले व्हिडिओ घरातल्या टीव्हीवर, मोबाईलवर दाखवणारा सर्व्हर. फुकट आहे, कुठं खातं काढावं लागत नाही. भाचा आता बोटीवर असतो. मला वेळ असतो तेव्हा त्याला रेंज नसते.

इंटरनेटची फायबर वायर रस्त्याकडच्या खिडकीतून खालच्या हॉलमध्ये येते. कंपनीचा डबा तिथंच भिंतीवर, पुराच्या खुणेच्या दीड फूट वर. तिथून २० मीटरची कॅट ६ वायर जिन्याच्या कडेनं वर नेलीय. वर मी विकत घेतलेला राऊटर, त्याला पीसी वायरनं जोडलेला. आईचा टीव्ही खाली, अँड्रॉइडवाला, वायफायवर.

मागच्या सोमवारी गटारीच्या खोदाईत फायबर तुटली. दोन दिवसांनी पोरगा आला, वायर जोडली, डबाही नवा बसवला. वरचं नेट चालेना म्हणून वरच्या राऊटरला टाचणी घालून रीसेट मारला, वायफायचं नाव आणि पासवर्ड पहिल्यासारखेच टाकून दिले. पोरगा गुणी होता, चहा पिऊन गेला. नेट वर-खाली झकास चालतंय. पण टीव्हीवर जेलीफिन उघडलं की गोल फिरत राहतं आणि शेवटी सर्व्हरशी संपर्क होत नाही असं येतं.

मी काय काय बघितलं ते सांगतो. पीसीवर स्वतःवर उघडतं, ८०९६ नंबरच्या पोर्टवर, म्हणजे जेलीफिनच्या दारावर. पीसीचा पत्ता बदललेला दिसला, १९२.१६८.०.१०५ झालाय. तो टीव्हीत आणि मोबाईलमध्ये नव्यानं टाकला. मोबाईलवर वरच्या खोलीत चालतं. चालू ठेवून जिना उतरायला लागलो तर सहाव्या पायरीपर्यंत चालतं, सातव्या पायरीवर अडकतं. तीनदा उतरून बघितलं, गुडघे दुखायला लागले. परत वर गेलं की चालू.

वरच्या पीसीवरून टीव्हीला पिंग केलं, म्हणजे हाक मारून जबाब येतो का बघितलं, लागतो. खाली येऊन मोबाईलवरून पीसीला पिंग केलं, लागत नाही. इथं माझं डोकं चालेना. वायर तीच, रस्ता तोच, मग जायला आहे आणि यायला नाही असं कसं? वायफाय तर एकच आहे, वर-खाली एकच नाव, एकच पासवर्ड.

दुसरी एक अडचण आहे, पण ती मागनं. बहीण साताऱ्यात असते, तिला तिकडून बघायचंय. आधी आईचं.

पेनड्राइव्ह जिंदाबाद (तासगाव) | ११.४१

काका, पेनड्राइव्हवर घाला, टीव्हीच्या मागं खुपसा, विषय संपला. एवढा सगळा कारखाना कशाला?

बिनतारी (पुणे, मूळचा विट्याचा) | १२.०५

फायरवॉल आहे हो, बाहेरून येणारं अडवणारा पहारा. लिनक्सवर यूएफडब्ल्यू चालू असणार. सरळ बंद करून टाका आणि टीव्ही एकदा स्विचवरून बंद-चालू करा. माझ्याकडं डिट्टो हाच प्रकार झाला होता, पाच मिनिटांत सुटला. तेवढ्यानं नाही झालं तर खालच्या डब्यात ८०९६ पोर्ट फॉरवर्ड करा, म्हणजे त्या पोर्टवर बाहेरून आलेलं पीसीकडं वळवा.

गावभागचा फोटोवाला | बुधवार, सकाळी ७.५०

तासगावकर, ते करून झालंय. कॅसेटीवरून उतरवलेली डीव्हीची फाइल म्हणजे तासाला १३ जीबी. टीव्हीला एफएटी ३२ पद्धतीनं फॉरमॅट केलेलाच पेनड्राइव्ह कळतो आणि त्यात ४ जीबीच्या वरची एक फाइल मावत नाही. तुकडे करून दिले तर आईचं म्हणणं, नेमकं मंगलाष्टकात का तोडलंस. शिवाय तिचा बेत अर्ध्यात बदलतो. "हे राहू दे, ते कवलापूरचं लाव." मग मी परत वर.

बिनतारी, फायरवॉल बंद केली, टीव्ही बंद-चालू केला. फरक शून्य. डब्यात पोर्ट फॉरवर्ड करायला गेलो तर पीसीचा पत्ता टाकल्यावर "अवैध पत्ता" म्हणतो.

पॅचकॉर्ड (मिरज) | बुधवार, दुपारी १.१५

फोटोवाले काका, मी एका कॉलेजात नेटवर्क बघते. आधी फायरवॉल परत चालू करा. बिनतारीदादा, राग मानू नका, पण वरच्या खोलीत मोबाईलवर चालतंय म्हणजे पीसी दार उघडतोय. मोबाईल वर असताना पीसीला चालतो आणि तोच मोबाईल सात पायऱ्या उतरल्यावर चालत नाही, तर खोट पीसीत नाही, पायऱ्यांत आहे.

सप्तपदीत सातव्या पावलाला लग्न पुरं होतं, तुमचं सातव्या पायरीवर मोडतंय. उत्तर तिथंच आहे असं मला वाटतंय. पण नुसत्या अंदाजावर तुम्हाला वायरी उपसायला लावत नाही. मोबाईल वरच्या खोलीत असताना वायफायच्या सेटिंगमध्ये जाऊन चालू नेटवर्कचे तपशील उघडा. तिथं आयपी पत्ता आणि गेटवे असे दोन आकडे असतात, ते कागदावर घ्या. मग खाली टीव्हीशेजारी येऊन तेच परत. आणि जिन्यातून वर आलेली वायर राऊटरच्या कुठल्या भोकात घातलीय, त्याचा रंग सांगा. एक भोक वेगळ्या रंगाचं असतं, बाकीची एकसारखी.

पोर्ट फॉरवर्ड सध्या नको. टीव्ही आणि पीसी एकाच घरात आहेत, त्याला बाहेरचं दार उघडून काय उपयोग. आणि डब्यानं पत्ता अवैध म्हटलं, ती चूक नव्हती, तो खरंच सांगत होता. का, ते आकडे आल्यावर.

गावभागचा फोटोवाला | बुधवार, रात्री ९.३०

ताई, आकडे घ्या.

वरच्या खोलीत मोबाईलचा पत्ता १९२.१६८.०.११२, गेटवे १९२.१६८.०.१.
खाली टीव्हीशेजारी पत्ता १९२.१६८.१.२७, गेटवे १९२.१६८.१.१.

टीव्हीचाही बघितला, १९२.१६८.१.३४.

वायर निळ्या भोकात आहे. बाकीची चार पिवळी, त्यातल्या एकात पीसी.

अजून एक गंमत. धंद्याची खोड म्हणा, मी भिंतीत खिळा मारला तरी फोटो काढून ठेवतो. वरचा राऊटर बसवला त्या दिवशीचा फोटो जुन्या कार्डात सापडला. मोठा करून बघितला. त्यात जिन्याची वायर पिवळ्या भोकात आहे आणि निळं रिकामं आहे. म्हणजे परवा पोरानं बदललं. पण निळ्यात घातल्यावरच तर वरचं नेट सुरू झालं! मग चुकलं काय?

पॅचकॉर्ड | बुधवार, रात्री १०.४०

फोटो सापडला तिथंच निकाल लागला, काका. असे गिऱ्हाईक मला कॉलेजात मिळाले असते तर.

पोराचं तसं चुकलं नाही. त्याचं काम नेट सुरू करायचं, त्यानं केलं. रीसेट मारल्यावर राऊटर कारखान्यातून आला तसा होतो आणि त्या अवस्थेत निळं भोक हीच नेट घ्यायची जागा. त्याला काय ठाऊक वर लग्नं ठेवलीत.

तुमच्या घरात आता दोन नेटवर्कं झालीत. पत्त्यातले पहिले तीन आकडे म्हणजे गल्ली, चौथा आकडा म्हणजे घर नंबर. खालची गल्ली १९२.१६८.१, वरची १९२.१६८.०. वायफायचं नाव दोन्हीकडं एक ठेवलंय म्हणून तुम्हाला एक वाटलं, पण नाव म्हणजे नुसती पाटी. दोन दुकानांवर 'महालक्ष्मी' लिहिलं म्हणून मालक एक होत नाही. सातव्या पायरीवर मोबाईल वरच्या राऊटरला सोडून खालच्याला धरतो, त्याची गल्ली बदलते आणि पीसी दिसेनासा होतो.

आता तुमचा खरा प्रश्न, जायला आहे आणि यायला का नाही. वरचा राऊटर म्हणजे जुन्या वाड्याची देवडी समजा. आतला माणूस बाहेर निघाला की देवडीवरचा वहीत लिहून ठेवतो, अमका अमक्याकडं गेला. त्याचं उत्तर घेऊन कोणी आलं की वही बघून आत सोडतो. म्हणून पीसीचा पिंग टीव्हीपर्यंत जातो आणि जबाबही परत येतो. पण टीव्ही आपण होऊन आला तर वहीत नोंदच नाही. खरं म्हणजे तो देवडीपर्यंतही पोचत नाही. टीव्ही आपल्या गेटवेला, म्हणजे खालच्या डब्याला विचारतो की १९२.१६८.० ही गल्ली कुठाय, आणि डब्याला ती माहीतच नाही. त्याला माहीत असलेलं गाव १९२.१६८.१. म्हणून तुम्ही फॉरवर्डला पीसीचा पत्ता टाकला तर त्यानं अवैध म्हटलं. या देवडीच्या वहीला नॅट म्हणतात. तुमच्याकडं एकामागं एक दोन देवड्या झाल्यात.

पूर्वी वायर पिवळ्यात होती तेव्हा वरचा राऊटर देवडी नव्हता, नुसता लांबवलेला बोर्ड होता. पत्ते वाटायचं काम एकटा खालचा डबा करायचा. तेच परत आणायचंय.

वरच्या राऊटरच्या पानावर 'ऑपरेशन मोड' किंवा 'वर्किंग मोड' असं काही आहे का बघा. त्यात 'ॲक्सेस पॉइंट' असेल तर तो निवडा, सेव्ह करा, वायर पिवळ्यात घाला, बाकी तो बघतो. जुन्या राऊटरांत हे नसतं. तसं असेल तर हातानं करायचं आणि क्रम पाळायचा. आधी जिन्याची वायर निळ्यातून काढून बाजूला ठेवा. ती तशीच ठेवून राऊटरला १९२.१६८.१ च्या गल्लीतला पत्ता द्यायला गेलात तर तो ऐकणार नाही, त्याच्या मते ती गल्ली बाहेरची आहे. वायर काढल्यावर राऊटरचा स्वतःचा लॅन (घरातल्या बाजूचा) पत्ता १९२.१६८.१.२५० करा. तो बंद होऊन सुरू होईल, नव्या पत्त्यावर पान परत उघडा. मग डीएचसीपी, म्हणजे पत्ते वाटायची सोय, बंद करा. हे शेवटी, कारण डीएचसीपी बंद झाला की मोबाईलला पत्ता देणारं कोणी उरत नाही आणि पान हातातून जातं. घाबरू नका, ते तसंच व्हायचं. आता जिन्याची वायर पिवळ्यात. निळं रिकामं. पीसीची वायर एकदा काढून घाला म्हणजे तो नवा पत्ता मागून घेईल.

खालच्या डब्याच्या पानावर दोन कामं राहतात. डीएचसीपी कुठून कुठपर्यंत पत्ते वाटतो ते २ ते २०० असं करा, म्हणजे २५० कोणाला जाणार नाही. आणि पीसीला त्याच्या मॅक पत्त्यावरून (यंत्राचा स्वतःचा ओळख नंबर) एक आकडा कायमचा राखून द्या, समजा १९२.१६८.१.१०. नाहीतर लाईट गेली-आली की पत्ता सरकेल आणि तुम्ही परत इथं येऊन सात पायऱ्या मोजाल.

एक फुटकळ गोष्ट, पण यानं मी स्वतः अर्धा तास घालवलाय. टीव्हीत पत्ता टाकताना सुरुवातीला एचटीटीपी असू द्या, एचटीटीपीएस नको. ८०९६ वर साधंच चालतं. आणि मी इथं देवनागरी आकडे लिहितेय, टीव्हीत इंग्रजी टाका. हसू नका, आमच्याकडं एका सरांनी टाकले होते.

बिनतारी | बुधवार, रात्री ११.१०

मानलं ताई. माझ्याकडचा प्रकार विंडोजवरचा होता, त्यात नेटवर्क 'पब्लिक' झालं होतं म्हणून फायरवॉलनं अडवलं होतं. सगळ्यांना तेच औषध देत सुटलो.

मोडच्या भानगडीपेक्षा वरच्या राऊटरमध्येच ८०९६ फॉरवर्ड केला आणि टीव्हीला राऊटरचा १९२.१६८.१ वाला पत्ता दिला तर?

पॅचकॉर्ड | बुधवार, रात्री ११.२२

चालेल. पण जेलीफिन आपोआप सापडायचं काम ७३५९ पोर्टवरच्या हाकेवर चालतं, ती हाक देवडीपलीकडं ऐकू जात नाही. शिवाय उद्या खालून वरच्या प्रिंटरला काही पाठवायचं झालं की परत फॉरवर्ड. भोक पाडत बसण्यापेक्षा भिंतच काढलेली बरी.

गावभागचा फोटोवाला | गुरुवार, रात्री ८.१५

लग्न लागलं!

सविस्तर सांगतो, कुणाला उपयोग होईल. माझ्या राऊटरात ॲक्सेस पॉइंट मोड नव्हता. लांबच्या वाटेनं गेलो. जिन्याची वायर काढली, पत्ता २५० केला, पान परत उघडलं, डीएचसीपी बंद केला, आणि ताईंनी सांगून ठेवलं होतं तरी पान गेल्यावर पोटात गोळा आलाच. वायर पिवळ्यात घातली. अर्ध्या मिनिटात मोबाईलला १९२.१६८.१ वाला पत्ता आला. वरच्या खोलीत!

पीसीला १० नंबर राखून ठेवला. फायरवॉल परत चालू केली, भाच्याचा ८०९६ चा नियम आत होताच. तरी टीव्ही ऐकेना. मग ध्यानात आलं, टीव्हीतल्या ॲपनं जुना पत्ता मनात धरून ठेवलाय. तो सर्व्हर काढून टाकला, नवा जोडायला गेलो तर पत्ता टाकायच्या आधीच त्यानं स्वतःहून शोधून दाखवला. ताई म्हणत होत्या ती हाक हीच असावी.

जिना उतरून बघितला. सातवी पायरी, आठवी, खालपर्यंत चालू. एक सेकंद अडखळतं सातव्यावर, पण परत सुरू होतं.

आईनं १९९८ चं लग्न लावायला सांगितलं. नवरा मुलगा बोहल्यावर चढला तशी म्हणाली, "आठ दिवसांत वाळला की रे हा."

आता दुसरी अडचण. बहीण साताऱ्यात. तिच्या लग्नाची कॅसेट वाचलेल्यांत आहे. आता डब्याला पत्ता पटेल, मग पोर्ट फॉरवर्ड करू का?

गोडोलीकर (सातारा) | गुरुवार, रात्री १०.०५

सातारा निघाला म्हणून तोंड उघडतो. आमच्या घरी असाच खटाटोप झालाय. मुलगा शिकायला बाहेर, गाण्यांचा संग्रह इथं.

फॉरवर्ड करायच्या आधी खालच्या डब्याच्या पानावर वॅनचा, म्हणजे बाहेरच्या बाजूचा, आयपी पत्ता बघा. तो १०० नं सुरू होत असेल आणि दुसरा आकडा ६४ ते १२७ मध्ये असेल, तर फॉरवर्डिंगचा नाद सोडा. माझे तीन रविवार गेले. पोर्ट उघडला, सगळं बरोबर केलं, बाहेरून ढिम्म. त्या १०० च्या पत्त्याचा अर्थ असा की तुमचा डबाही कंपनीच्या एका मोठ्या नॅटच्या मागं आहे. पॅचकॉर्डताईंची देवडीच घेतो. तुम्ही वाड्याचं दार सताड उघडलंत, पण अख्ख्या पेठेला वेस आहे आणि वेशीची किल्ली कंपनीकडं. जुन्या पद्धतीचे पत्ते जगात सगळे मिळून ४२९ कोटी, त्यांचा मूळ साठा २०११ च्या फेब्रुवारीत संपला, आणि २०१२ मध्ये हा १०० चा पट्टा खास कंपन्यांच्या या कामासाठी बाजूला काढला. तेव्हा कंपनीशी भांडून उपयोग नाही. पैसे भरून स्वतःचा कायमचा पत्ता मागता येतो, मिळाला तर.

मी टेलस्केल घातलं, लांबची दोन यंत्रं एकाच खासगी नेटवर्कात जोडणारं ॲप. तुम्ही पीसीवर एक, बहिणीच्या मोबाईलवर एक घाला, दोन्हीकडं एकाच खात्यानं आत जायचं. आतून वायरगार्ड नावाची कुलूपबंद जोडणी वापरतं. गंमत बघा, दोन्ही टोकं आपण होऊन वेशीबाहेर पडतात आणि बाहेर एकमेकांना गाठतात, त्यामुळं आत येण्याचा प्रश्नच येत नाही. पीसीला जो नवा पत्ता मिळेल तो बहिणीनं जेलीफिनमध्ये टाकायचा, पुढं तेच ८०९६. हा पत्तासुद्धा १०० नंच सुरू होतो, त्याच पट्ट्यातला. डब्यावरचा १०० वेगळा आणि हा वेगळा. मी एकदा दोघांची अदलाबदल करून बसलो होतो.

एक खाचखळगा सांगून ठेवतो. टेलस्केलची किल्ली सुरुवातीला १८० दिवसांची असते. सहा महिन्यांनी एका सकाळी सगळं बंद पडतं आणि आपण वायरी तपासत बसतो. त्यांच्या पानावर पीसीपुढं किल्लीची मुदत बंद करायची सोय आहे, आजच करून ठेवा.

बहिणीचा टीव्ही अँड्रॉइडवाला असेल तर त्यावरही ॲप चढतं. दुसऱ्या जातीचा असेल तर चढेलच असं नाही, मग मोबाईलवरून टीव्हीवर टाका.

पॅचकॉर्ड | गुरुवार, रात्री १०.३०

गोडोलीकरांशी सहमत. आणि काका, तुमचा पत्ता १०० चा नसता तरी मी फॉरवर्डला नकोच म्हणाले असते. ही लग्नं तुमची नाहीत, गिऱ्हाइकांची आहेत. ८०९६ उघडा टाकला की जगातलं कोणीही दार ठोठावत बसतं, आणि दार काय, एका पासवर्डचं. आईंनी बघणं वेगळं. त्यातल्या निम्म्या लग्नांना त्या स्वतः जेवून आल्या असतील.

गावभागचा फोटोवाला | रविवार, दुपारी ४.४०

डब्यावर १००.७ की काय असं वाटलं, चष्मा लावून बघितलं तर १००.७८. म्हणजे वेशीच्या आतच आहोत. टेलस्केल घातलं. बहिणीला फोनवरून समजावायला दीड तास, त्यातला सव्वा तास आमच्या वहिनीच्या तब्येतीवर. लागलं शेवटी.

पण तिच्याकडं अडखळत होतं, आणि माणूस हलला की कडेला कंगव्यासारख्या रेघा. इथं टीव्हीवर तसं काही नाही.

गोडोलीकर | रविवार, सायंकाळी ५.२०

मूळ डीव्ही फाइल सेकंदाला २५ मेगाबिटची. तिचा मोबाईल ती तशी घेत नाही, म्हणून पीसीला ऐनवेळी बदलून पाठवावी लागते. बहिणीच्या ॲपमध्ये दर्जा ४ मेगाबिट करून बघा, ७२० बाय ५७६ च्या चित्राला तेवढा पुष्कळ. रेघा तुमच्या क्षेत्रातल्या, इंटरलेसच्या, म्हणजे चित्र एकाआड एक रेघांच्या दोन भागांत साठवल्याच्या. रात्री हँडब्रेकला (व्हिडिओ बदलून देणारं सॉफ्टवेअर) डीइंटरलेस लावून एच २६४ च्या, म्हणजे कमी जागेच्या, प्रती करून ठेवा, जेलीफिनमध्ये त्या दाखवा. मूळ फाइली मात्र पुसू नका.

गावभागचा फोटोवाला | सोमवार, रात्री ९.५०

४ मेगाबिटवर चाललं. बहिणीनं स्वतःचं लग्न पूर्ण बघितलं आणि मला फोन करून विचारलं की जेवणावळीचं शूटिंग एवढं आणि सप्तपदीचं एवढंसं का. तेव्हा बॅटरी संपली होती हे मी तिला गेली २८ वर्षं सांगितलेलं नाही. इथंही कोणी सांगू नका.

प्रती करायला लावल्यात, रात्रीत तीन होतात. पुसायचं तर नावच नको, पाण्यातून काढलेली आहेत ती.

वरच्या राऊटरवर चिठ्ठी चिकटवलीय: "निळ्यात वायर घालू नये. विचारल्याशिवाय टाचणी घालू नये." धागा सुटला म्हणून खूण करतोय.

पॅचकॉर्ड | सोमवार, रात्री १०.०२

चिठ्ठी राऊटरवर नको काका, सेलोटेपनं निळ्या भोकावरच लावा. आणि लावल्यावर फोटो काढा.